शुद्ध शाकाहारी हृदय

"अहो डॉक्टर, ते अंडंसुद्धा खात नाहीत. माळकरी आहेत."

हृदयविकाराच्या अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांच्या तोंडून हे वाक्य इतक्या वेळा निघतं, की पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्यावर बोलणंच सोडून दिलंय. ते मान हलवतात आणि संमतिपत्रावर सही कुठे करायची ते दाखवतात. वर्षानुवर्षं हप्ते भरूनही विमा कंपनीनं दावा नाकारावा, तसा त्या वाक्यात दुखावलेपणा असतो. मटणाला शिवलो नाही, दारूचा थेंब नाही, एकादश्या चुकवल्या नाहीत आणि तरी स्टेंट?

यंदाच्या अंकाचा विषय 'ताट'. संपादकांनी फोनवर सांगितलं, "शाकाहार हृदयाला तारतो की मारतो, एकदाचं लिहून टाका." असल्या प्रश्नाचं दोन ओळींचं उत्तर बाजारात भरपूर मिळतं, आणि ते बहुधा सकाळी फुलांच्या चित्रासोबत मोबाइलवर येतं. म्हणून आधी ओपीडीत जाऊन बसायचं, मग कढईपाशी आणि भट्टीपाशी जायचं आणि अभ्यास नंतर उघडायचे, असं ठरवलं. नमुना नोंदणी पाहणीच्या २०१४ च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रातले सुमारे ४० टक्के लोक शाकाहारी आहेत. म्हणजे हा काही मूठभरांचा विषय नाही.

किराण्याची यादी

रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ मॅडमच्या टेबलावर एक छापील फॉर्म असतो. त्यात 'आहार : शाकाहारी / मिश्र' अशी ओळ आहे. बरोबरची खूण केली की बहुतेक ठिकाणी आहाराची चौकशी तिथेच संपते. या मॅडम मात्र खूण करून फॉर्म बाजूला सारतात आणि म्हणतात, "महिन्याच्या किराण्याची यादी आणलीय का?" आधीच्या भेटीत तसं बजावलेलं असतं.

मी बसलो होतो तेव्हा समोर नुकतीच अँजिओप्लास्टी झालेले एक काका होते, शेजारी काकू. घरात चार माणसं. काकूंनी पिशवीतून दुकानदाराची पिवळी पावती काढली. सूर्यफूल तेलाचा पाच लिटरचा कॅन. साखर पाच किलो. तूरडाळ दोन किलो, मूग-मटकी मिळून एक किलो. पोहे, रवा, मैदा, साबुदाणा दीड किलो, शेंगदाणे तीन किलो. चहा पावडर ठसठशीत.

मॅडमनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. पाच लिटर तेल भागिले चार माणसं भागिले तीस दिवस : माणशी रोज ४० मिलिलिटरच्या वर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या सूचनांत दिवसभराच्या ताटासाठी धरलेलं तेल-तूप आहे २७ ग्रॅम. साखरेचा भागाकारही तसाच, माणशी रोज ४० ग्रॅमच्या वर आणि त्यातली बहुतेक चहातून. मग डाळ. तीन किलो डाळ-कडधान्य म्हणजे माणशी रोज २५ ग्रॅम. त्याच सूचनांत कडधान्यं किंवा त्यांच्याऐवजी अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम धरलेलं आहे. ज्या घरात अंडं-मांस नाही तिथे तो सगळा भार डाळीवर पडतो. आणि ती पातळ वरणातून ताटात उतरत असते.

"आणि फरसाण कुठे दिसत नाही?" मॅडमनी विचारलं.

"ते यादीत नसतं हो, सुट्टं आणतो," काकू म्हणाल्या. काका खिडकीबाहेर बघू लागले.

भाजीचा हिशेब त्याहून गमतीचा. याच सूचनांप्रमाणे बटाटा सोडून माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी हवी. चौघांच्या घरात ती होते दीड किलोच्या वर. मेथीची एक जुडी निवडून-धुऊन-चिरून घेतली की पाव किलोच्या आतच भरते, आणि शिजली की चौघांच्या ताटात डावभर येते. काकूंच्या घरी एका वेळी एकच भाजी, आणि आठवड्यातून तीन दिवस ती बटाट्याची. घर शाकाहारी होतंच, पण त्यात शाक फारच थोडं होतं.

हे एकट्या या घराचं दुखणं नाही. इंटरहार्ट या मोठ्या पाहणीतल्या दक्षिण आशियाई लोकांच्या माहितीवर आधारलेला एक निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक होते नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. आपल्याकडे पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, बाकीच्या जगात जवळजवळ ५९ व्या. ही त्यातली गाजलेली गोष्ट. न गाजलेली गोष्ट अशी, की रोज फळं-भाज्या खाणाऱ्यांचं प्रमाण इतर देशांत ४५ टक्के होतं आणि आपल्या भागात २७ टक्क्यांच्या आसपास.

इंग्लंडातले शाकाहारी आणि आपले

शाकाहारानं हृदय सुधारतं असं सांगणारे अभ्यास खोटे नाहीत. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे ४८ हजार लोकांची १८ वर्षं नोंद ठेवली. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत मांसाहाऱ्यांच्या तुलनेत शाकाहाऱ्यांमध्ये हृदयरोग २२ टक्क्यांनी कमी निघाला. मात्र पक्षाघात २० टक्क्यांनी जास्त. टक्केवारीनं घाबरून जायचं कारण नाही. हजार माणसं दहा वर्षं पाहिली तर हृदयरोगाचे दहा रुग्ण कमी आणि पक्षाघाताचे तीन जास्त, एवढा हा फरक. म्हणजे सौदा एकंदरीत फायद्याचाच. मासे खाऊन मांस टाळणाऱ्यांनाही हृदयापुरता फायदा दिसला. कोकणातल्या वाचकांनी ही ओळ कापून ठेवायला हरकत नाही.

अमेरिकेतल्या सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथीयांचा अभ्यासही नेहमी पुढे केला जातो. त्यांच्यातल्या शाकाहाऱ्यांचा एकूण मृत्युदर १२ टक्क्यांनी कमी भरला. पण ही मंडळी धर्म म्हणूनच तंबाखू आणि दारूपासून लांब राहतात. तशा माणसांत शाकाहाराचं श्रेय नेमकं किती, ते वेगळं काढणं कठीण.

मला यातला मुख्य धागा वेगळाच वाटतो. ब्रिटनमधला माणूस शाकाहारी *होतो*. वयाच्या विशी-पंचविशीत विचार करून ठरवतो, सोबत व्यायाम सुरू करतो, पाकिटामागचा मजकूर वाचतो. आपल्याकडचा माणूस शाकाहारी जन्मतो. घर, जात, संप्रदाय यांनी ते आधीच ठरवलेलं असतं. त्यात तब्येतीचा विचार असायचं कारणच नाही, आणि नव्हताही. दिल्ली, चेन्नई आणि कराचीतल्या लोकांची अमेरिकनांशी तुलना करणारा एक अभ्यास २०१६ मध्ये आला. शाकाहारी आणि मांसाहारी यांच्यातली आरोग्याची दरी अमेरिकेत बरीच रुंद दिसली, आपल्याकडे अरुंद. इथले शाकाहारी डाळी-भाज्या थोड्या जास्त खात होते खरे, पण गोडधोड आणि तळणही जास्त खात होते.

मग २०१७ साली हार्वर्डमध्ये काम करणाऱ्या अंबिका सातिजा आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. अमेरिकेतल्या दोन लाखांवर परिचारिका आणि वैद्यकीय व्यावसायिकांची वर्षानुवर्षांची माहिती घेऊन त्यांनी वनस्पतिजन्य आहाराचेच दोन भाग पाडले. एका बाजूला अख्खी धान्यं, फळं, भाज्या, कडधान्यं, दाणे. दुसऱ्या बाजूला मैदा, पांढरा तांदूळ, बटाटा, गोड पेयं, मिठाई. पहिल्या प्रकारचं जास्त खाणाऱ्यांत हृदयरोगाचा धोका सुमारे पाव हिश्शानं कमी होता. दुसऱ्या प्रकारचं जास्त खाणाऱ्यांत तो जवळपास एक-तृतीयांशानं *जास्त*. काकूंच्या पावतीतला बराच माल यातल्या दुसऱ्या रकान्यात जातो. ताटातून मांस गेलं त्याची आपण नोंद ठेवली, त्या जागी काय आलं ते कुणी लिहून ठेवलं नाही.

कढईजवळ

पुण्याजवळच्या एका तालुक्याच्या गावी फरसाणाचा छोटा कारखाना आहे. दुपारी तीनला भट्टी पेटते, कारण पाचला गिऱ्हाईक सुरू होतं. कढई एवढी मोठी, की तळणारा माणूस तिच्यासमोर फळीवर उभा राहतो. शेवेचा साचा हातानं फिरवायचा, पिठाची जाळी तेलात पडली की आधी पांढरा फेस वर येतो, फेस ओसरला की झाऱ्यानं उलटायचं. फेस लवकर ओसरेनासा झाला की तेल थकलं, ही तिथली जुनी परीक्षा. रंग काळपट होतो, धूर लवकर येतो, हाताला चिकटपणा लागतो.

तेल पामोलीन. पंधरा किलोच्या डब्यातून येतं, स्वस्त पडतं आणि शेव कुरकुरीत राहते. कढई रोज रिकामी होत नाही. पिठानं तेल ओढलं की वरून नवं ओततात. पहिल्या दिवशीच्या तेलाचा अंश आठवड्याच्या शेवटीही कढईत असतोच. तेल सतत तापतं, पिठातलं पाणी आणि हवा त्यात मिसळत राहते, आणि त्यातून तयार होणारी द्रव्यं साठत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या १ जुलै २०१८ पासूनच्या नियमानुसार अशा ध्रुवीय द्रव्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. मोजायला थर्मामीटरसारखं यंत्र मिळतं. मालकांना नियम माहीत होता, यंत्र नव्हतं. "काळं तेल न्यायला माणूस येतो," ते म्हणाले. तो ते बायोडिझेलसाठी नेतो की पुढच्या भज्यांच्या गाडीवर, ते त्यांनी कधी विचारलेलं नाही.

कारखान्याला नावं ठेवताना जपून ठेवावीत. चकल्या, शंकरपाळ्या, कडबोळी तळून उरलेलं तेल गाळून बरणीत भरायचं आणि ते फोडणीला तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवायचं, ही रीत कोणत्या घरात नाही? तेल फेकायला जीव होत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. उपाय मॅडमनी काकूंना सांगितला तोच : कढई लहान घ्या, तेल कमी ओता, घाणे जास्त काढा. वेळ लागतो, पण शेवटी बरणीत उरतं ते अगदी थोडं.

त्याच गावात बेकरीही पाहिली. खारीचा पोळपाटाएवढा मैद्याचा पत्रा लाटायचा, त्यावर पांढरी चरबी फासायची, घडी घालायची, पुन्हा लाटायचा. जितक्या घड्या तितके पापुद्रे. ही चरबी पूर्वी वनस्पती तूप असे. तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करताना ट्रान्स फॅट बनतं, आणि हृदयाला त्याइतकी वाईट चरबी ताटात दुसरी नाही : वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, चांगलं कमी करते. १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आली. हे मोठंच काम झालं. पण खारीला घट्ट चरबी लागतेच, ती आता बहुतांशी पाम तेलापासून येते, आणि पाम तेलात निम्म्याच्या आसपास संपृक्त मेद असतो. डॉक्टरांनी 'हलकं खा' म्हटल्यावर लोक चहाबरोबर खारी खातात.

मग करडईचं तेल? सोलापूर-मराठवाड्यात रब्बीच्या ज्वारीत करडईच्या ओळी ही जुनी पद्धत, आणि 'हृदयासाठी' म्हणून करडईच्या तेलाची जाहिरात शहरांनी वर्षानुवर्षं पाहिली. त्याची एक कहाणी सांगण्यासारखी आहे. १९६६ ते १९७३ मध्ये सिडनीत हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर प्रयोग झाला. अर्ध्यांना संपृक्त चरबीऐवजी करडईचं तेल आणि त्याचं मार्जरीन दिलं. त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं, आणि मृत्यू मात्र वाढले. जुनी माहिती शोधून काढून २०१३ मध्ये तिचं नव्यानं विश्लेषण झालं तेव्हा ही वाढ हृदयविकाराच्या मृत्यूंतही दिसली. प्रयोग लहान होता, मार्जरीनमधल्या ट्रान्स फॅटची शंका आहे, आणि एकूण पुरावा अजूनही घट्ट चरबीपेक्षा पातळ तेलाच्या बाजूनं आहे. पण एखादं तेल 'हृदयाचं' म्हणून ते हात सैल सोडून वापरायचं, याला त्या प्रयोगानं आधार उरत नाही.

तुपाबद्दल प्रत्येक जण विचारतो म्हणून : त्यात साठ टक्क्यांच्या वर संपृक्त मेद आहे. वरणभातावरच्या चमचाभर धारेनं कुणी मरत नाही, आणि चमचाभर धारेनं कुणाच्या धमन्या साफही होत नाहीत. हे दुसरं वाक्य हल्ली जास्त वेळा सांगावं लागतं.

यकृताचं काम

कोलेस्टेरॉलची भीती सगळ्यांना आहे, भाताची कुणालाच नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीनुसार भारतीय माणसाला मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येते, आणि त्यातही पांढरा तांदूळ, दळलेलं धान्य आणि साखर यांचा वाटा मोठा. दिवसभर शेतात राबणाऱ्या देहाला ते चालून जायचं. खुर्चीत बसणाऱ्याच्या शरीरात गरजेपेक्षा जास्तीचं ग्लुकोज यकृताकडे जातं आणि यकृत त्याची चरबी करतं. ती ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात येते. ट्रायग्लिसराइड वाढलं की चांगलं कोलेस्टेरॉल घटतं आणि वाईट कोलेस्टेरॉलचे कण लहान, घट्ट होतात. असे कण धमनीच्या अस्तरात सहज शिरतात. म्हणून आपल्याकडच्या रिपोर्टात एकूण कोलेस्टेरॉल ठीकठाक आणि तरी धमनी बंद, असं दिसतं.

भर म्हणजे आपली शरीरठेवण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिक रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी धावतात, असा खुलासाही त्यांनी तिथेच केला होता. वरून सडपातळ, आतून चरबीदार असा हा देह शाकाहारी-मांसाहारी भेद पाळत नाही.

एकादशीचं काय सांगावं? 'एकादशी, दुप्पट खाशी' हे आपणच म्हणून ठेवलंय. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. प्रथिनं आणि तंतू नावालाही नाहीत. त्यावर तूप, बटाटा, शेजारी वेफर. खिचडीतला तब्येतीचा भाग एकच, दाण्याचा कूट. वरई-राजगिऱ्यानं तोच उपवास बराच हलका होतो, धर्मही बुडत नाही.

उलट, शाकाहाराचं खरं बळ जिथे आहे ते पदार्थ आपल्या जुन्या ताटात होते. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, जवसाची चटणी, गवार, अंबाडी. यांतला विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो. नवं पित्त बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, आणि ते यकृत रक्तातून ओढून घेतं. औषध न घेता एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी होण्याचा हा एक मार्ग, आणि तो मांसातून मिळत नाही. मांसात तंतू नसतोच. जवसाच्या चटणीतून ओमेगा-३ मिळतं, पण शरीर त्याचा थोडाच भाग माशातल्या प्रकारात बदलू शकतं. थोडा का होईना, मिळतो.

सुईएवढी गोष्ट

बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. डॉ. याज्ञिक यांच्या चमूनं पुण्यातल्या आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं तेव्हा दोन-तृतीयांश जणांत ते कमी निघालं, आणि शाकाहाऱ्यांत कमतरतेची शक्यता चौपटीहून जास्त. ते कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन वाढतं, आणि वाढलेल्या होमोसिस्टीनचा हृदयरोगाशी संबंध दिसतो. मग गोळ्या दिल्या की झटके टळतील असं वाटलं होतं. २००६ मध्ये आलेल्या मोठ्या प्रयोगांनी ती आशा मोडली : होमोसिस्टीन उतरलं, हृदयाचे झटके तेवढेच राहिले, पक्षाघातात मात्र थोडा फायदा दिसला. तरी हाता-पायांना मुंग्या, विसरभोळेपणा, रक्तक्षय यांसाठी बी-१२ तपासून घ्यावंच. दुधा-दह्यातून थोडं मिळतं. चहातल्या दोन चमचे दुधातून नाही.

"गॅस झाला असेल"

या सगळ्या हिंडण्यात मला शाकाहाराचा जो अपाय सर्वांत खरा वाटला तो ताटात नव्हता. तो त्या विश्वासात होता. तंबाखू खाणारा, मटण चापणारा माणूस छातीत कळ आली तर मनातून दचकतो. 'शुद्ध शाकाहारी' माणूस दचकत नाही. रक्तदाब तपासलेला नसतो, साखर माहीत नसते, लायपोप्रोटीन-ए नावाची, मुख्यतः रक्तातून वारशानं येणारी आणि जेवण बदलून फारशी न हलणारी गोष्ट असते हे ऐकलेलंही नसतं. त्यामुळे कळ आली की पहिला संशय हरभऱ्याच्या डाळीवर जातो. ओवा, सोडा, हिंगाचं पाणी, उशाशी दोन उशा.

रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दुखायला लागल्यापासून पहिल्या दोन-तीन तासांत मिळालं तर हृदयाचा स्नायू बराच वाचतो. बारा तास उलटले की त्याचा उपयोग जवळपास संपतो. रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढावा असा दंडक आहे. घरातून दारापर्यंत यायला किती वेळ लावायचा, याचा मात्र दंडक नाही. पहिला ईसीजी साधा आला तरी दुखणं चालू असेल तर थोड्या वेळानं पुन्हा काढावा लागतो, हेही घरच्यांना ठाऊक नसतं. 'नॉर्मल आलाय' म्हणून ते चपला घालू लागतात.

त्या रुग्णालयातल्या तरुण निवासी डॉक्टर आता छातीत दुखणाऱ्याला जेवणाचं काही विचारतच नाहीत. घाम आला होता का, जबडा किंवा डावा हात दुखला का, जिना चढताना धाप लागत होती का, आणि दुखायला केव्हा सुरुवात झाली, एवढंच. मी होतो त्या सकाळी एका आजोबांच्या मुलानं या शेवटच्या प्रश्नाला उत्तर दिलं, "काल रात्री, जेवण झाल्यावर. पण मॅडम, जेवण अगदी साधंच होतं. वरणभात." डॉक्टरबाईंनी 'रात्री साडेनऊ' असं लिहिलं आणि घड्याळाकडे पाहून कॅथलॅबला फोन लावला.